म्हशीपुढची पेटी

वडनेर भोलजी,
मार्च १९८०

प्रिय तेजू,

तुझ्या मायचा तुला जयभीम, आणि इथूनच तुझ्या डोक्यावरून हात फिरवते. तुझं पत्र पोचलं. वर नाव तुझ्या बांचं होतं, पण फोडलं मी आणि उत्तरही मीच लिहिते आहे. अक्षराला हसू नको. चौथीपर्यंतची शाळा, आणि पुढचं सगळं आपल्या लाऊडस्पीकरांच्या वाल्वच्या खोक्यांवरची नावं वाचून शिकलेली बाई मी. कुठे काना-मात्रा हुकला तर ढोलकीवाला जसा गाणाऱ्याला सांभाळून घेतो तसं घे. तुझे बा समोरच बाजेवर बसले आहेत, मांडीवर तारेचं भेंडोळं घेऊन. मी पेटीबद्दल लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे, आणि मधूनमधून मान वर करून बघतात.

तू विचारलंस की गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जोडायच्या, पायाने दाबायच्या दोन पेट्या पाहून ठेवल्या आहेत, जहाजावरच्या कोण्या माणसाच्या ओळखीने त्यातली एक मिळेल, तर आपल्या म्हशीसाठी कोणती घेऊ. एक निळी आहे, जाड आवाजाची, तार छेडली की सगळं अंगावर धावून येतं. दुसरी मळकट हिरवी. तिच्यात स्वतःचा दम फारसा नाही, खालचा आवाज कापते आणि मधला पुढे ढकलते. तुझं मन निळीवर गेलं आहे हे मला कळलं, कारण तिच्याबद्दल तू अर्धं पान लिहिलंस आणि हिरवीला दीड ओळ दिलीस. मी ते तुझ्या बांना जवळ जाऊन, जरा मोठ्यानं वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, "निळी हाय ना? मंग इचारतं काऊन? जयंतीले निळंच आनलं पाह्यजे!" आणि स्वतःच हसले. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर पाणी प्याले, तोंड पुसलं, आणि मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हिरवी आन म्हना. निळीनं घात होईन." माझंही तेच मत आहे. का ते सांगते, नाहीतर तू पत्र खिशात घालशील आणि निळीच घेऊन येशील. ओळखते मी तुला.

म्हैस कशी जन्माला आली ते तुला आठवतं ना? तू कुठल्या तरी परदेशी रेकॉर्डवर ऐकून आला होतास की गिटार माणसासारखी रडते, आणि जेवताना, झोपताना तेच घेऊन बसलास. आपल्याकडे लाऊडस्पीकरचे दोन जुने मोडके ॲम्प्लिफायर होते. तुझ्या बांनी दोघांचं पोट फाडून एक केला. आवाज रडेना, म्हणून पुढे एक वाल्व जास्तीचा जोडला. तरी रडेना, म्हणून आणखी एक. मी सोल्डर धरत होते आणि म्हणत होते, अहो, भाकरीला किती फुगवाल, फुटेल. पहिल्यांदा अंगणात चालू केला आणि तू जाड तार छेडलीस तेव्हा कोपऱ्यात ठेवलेली ढोलकी आपली आपण गुणगुणायला लागली, कोंबड्या शेजारच्या छपरावर गेल्या, आणि तुझी कलाआत्या पदर खोचत धावत आली, "काय वो दादा, म्हैस इयाली का घरात?" तेव्हापासून ती म्हैस. तू मुंबईला ऑर्केस्ट्रात गेलास, नवी गिटार नेलीस. म्हशीला कोण गाडीत घेणार? ती इथेच राहिली, दाराजवळ, वर कापड टाकून. मी कापडावर पापड वाळत घातले होते एकदा, तर तुझे बा दोन वेळा जेवले नाहीत.

आता तिचा दोष. तो तूही जाणतोस, पण तू तेव्हा वाजवण्यात होतास, लोकांत नव्हतास. पिंपळगाव राजाला जयंतीच्या गाण्यांचा सामना झाला, समोर तिकडची गाणारी पार्टी, आणि आपल्याकडून कलाआत्या उभी. आत्याचा गळा असा की माईक नसला तरी शेवटच्या माणसाला शब्द ऐकू जावा. पण तू जाड तारेवर ठोके धरलेस आणि म्हशीनं ते सगळे एकात एक कालवले. दोन ठोक्यांच्या मध्ये जागाच राहिली नाही. ढोलकीचा धुम त्यात गेला, आत्याचे शब्द त्यात गेले. समोरच्या शाहिरानं माईक हातात घेऊन विचारलं, "वडनेरवाल्यांनो, बाई आनली का म्हैस? बाईचं त आयकूच नाई येऊन राह्यलं!" सगळं मैदान हसलं. आत्याही हसली बिचारी, तिला काय, ती हसून पुढच्या कडव्याला लागली. पण तुझे बा हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या पायात तो काटा आहे. म्हैस साफ बोलली पाहिजे, तुझ्या हातून बोलली पाहिजे, आणि तिच्यातून कलाचा शब्द न् शब्द निघाला पाहिजे. या जयंतीला ती पार्टी आपल्या गावात येणार आहे. ते दुसरं काही बोलतच नाहीत.

म्हणून पेटीचं नीट ऐक. म्हैस म्हणजे जातं. जे घालशील ते दळून, फुगवून बाहेर देणार. जाड तारेचा खालचा घुमारा तिच्यात तसाच गेला तर तोही दळला जातो, आणि एकदा पिठात खडा दळला गेला की कुठली चाळणी तो काढणार? खाताना दाताखाली यायचाच. आम्ही दोघांनी मागल्या बाजूनं खालचा आवाज कमी करून पाहिला, भोंगा बदलून पाहिला, खोक्यात गोणपाट कोंबून पाहिलं. सगळा चाळणीचा उद्योग. पाखडायचं ते दळायच्या आधी, तेजू. सुपात. तुझी हिरवी पेटी म्हणजे सूप आहे. सुपात कोणी दळत नाही, म्हणून त्याला कमी लेखायचं नसतं. ते खालचा घुमारा आधीच बाजूला टाकतं, मधला दाणा पुढे सरकवतं, आणि मग जात्याला म्हणतं, घे आता, हवं तेवढं फिर. निळी पेटी म्हणजे दुसरं जातं. एका जात्यापुढे दुसरं जातं ठेवून खडे निघतात का? उलट आवाज जास्ती, गोंधळ जास्ती, आणि आतला ठोका कुठे गेला याचा पत्ता नाही. एकट्यानं खोलीत बसून वाजवायला निळी भारी वाटेल. तू तिथे एकटाच वाजवून पाहिलीस ना? तेच.

घेताना अशी पारख कर. तिथल्या छोट्या सेटवर बारीक तारेची धून वाजवून भुलू नको. तिथे सगळंच गोड लागतं, पाहुण्याच्या घरच्या भाजीसारखं. तळहात तारांवर टेकव, जाड तार धर आणि ढोलकीचा ठेका मनात घेऊन भराभर ठोके मार. दोन ठोक्यांच्या मधली जागा रिकामी राहते का पाहा. त्या रिकाम्या जागेत कलाआत्याचा शब्द बसणार आहे. जागा राहिली तर पेटी आपली. आणि गुंड्या तीन आहेत लिहिलंस, तर जी गुंडी पेटीचा स्वतःचा खरखराट वाढवते ती जवळजवळ बंदच ठेव. जी पुढे ढकलते ती पूर्ण उघड. तिसरी, बारीक आवाजाच्या धारेची, मधोमध. मग मैदान पाहून. सगळे उलटं करतात, पहिली पूर्ण उघडतात आणि मग म्हणतात पेटी वाईट. रडायचं काम म्हैस करेल, तिच्यात वाल्व कमी आहेत का? पेटीनं फक्त तिच्या तोंडाशी उभं राहून कोण आत जाईल ते पाहायचं.

इथवर वाचून दाखवलं त्यांना. म्हणाले, "बराबर लिहलं. धारेची गुंडी मधात नको, थोडी वर म्हना. चिखल लय हाय." मी "हाव" म्हटलं, आणि वरचं बदललं नाही. तू मधोमधच ठेव. त्याचं कारण पुढे येईल.

तुला रुमालाची आठवण येते का रे तिकडे? ऑर्केस्ट्रात म्हणे आता एक माणूस आवाज जुळवायला मागे टेबल मांडून बसतो. आपल्याकडे एक पांढरा रुमाल, एवढंच टेबल. कार्यक्रम कुठलाही असो, तुझे बा मशीन सुरू करून मला गुंड्यांवर बसवायचे आणि स्वतः चालत चालत पार मैदानाच्या टोकाला, शेवटच्या माणसाच्याही मागे जाऊन उभे राहायचे. रुमाल खाली हलवला की कमी कर. आडवा हलवला की चिखल आहे, काढ. रुमाल वर धरला की साफ, हात काढ. मला तिथे भोंग्याच्या तोंडाशी बसून काहीही ऐकू येवो, रुमालावर शंका घ्यायची नाही. एकदा मी घेतली होती, लग्न नवं होतं तेव्हा. नांदुऱ्याच्या कार्यक्रमात मला वाटलं आवाज ठीक आहे आणि मी गुंडी फिरवली नाही. घरी येऊन रागावले नाहीत, समजावून सांगितलं, "जनका, जो भोंग्यापाशी बसते त्याचा कान खोटा. तो जवळचा आयकते. शेवटच्या मान्साले काय पोचलं ते रुमाल सांगते. माहा कान खोटा बोलन, रुमाल नाई बोलनार." पुढे तू मोठा झालास, तुलाही हेच शिकवलं. तुझ्या पार्टीतली सगळी माणसं हेच शिकली. आपल्या घरात देव नाही, पण रुमाल होता.

तो रुमाल आता मी रोज उकळत्या पाण्यात टाकून धुते. डाग पूर्ण जात नाही. मागल्या वेळी आलास तेव्हा "बिडी सोडा बा" म्हणून तू जो खोकला हसण्यावारी नेलास, तो बिडीचा नव्हता, तेजू. छातीचा फोटो काढला. टीबी आहे, आणि खोलवर गेलेला आहे. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. "पोराचा जम बसून राह्यला, त्याले काऊन हलवतं?" म्हणून मी दोन पत्रांत पाऊसपाणी, कापूस आणि कलाआत्याच्या कोंबड्या लिहिल्या. आपला पेला, आपलं ताट त्यांनी स्वतःच वेगळं केलं, मी करायच्या आधी. शेजारच्या आशाबाईची नात अंगणात आली की लांबून बोलतात. लहान पोरांना खांद्यावर घेतल्याशिवाय ज्या माणसाचा दिवस जात नव्हता, तो माणूस.

दवाखान्यात डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे, रागावत नाही. गोळ्या दिल्या आणि रोज एक सुई. आशाबाईचा मुलगा त्यांना सायकलवर बसवून नेई, आणि ते त्याला रस्ताभर घंटी वाजवायला सांगत. सुईनं गुण येत होता. ताप उतरला, भाकर जायला लागली, कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा मागितला तेव्हा मी आत जाऊन रडले. मग एक दिवस म्हणाले, भरदुपारी रातकिडे काऊन वराडून राह्यले? मी म्हटलं कुठे आहेत? ते बोट घालून कान हलवायला लागले. काही दिवसांनी चालताना भिंत धरायला लागले, म्हणे जमीन होडीसारखी हलते. डॉक्टरला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ही सुई काही जणांच्या कानाला लागते. जो कान गेला तो परत येत नाही. पण दुखणं जुनं आहे, नुसत्या गोळ्यांनी आवरेल असं मला वाटत नाही, आणि दुसरं औषध माझ्याकडे इथे नाही. तुम्ही दोघं बोलून सांगा.

तोल जातो म्हणून सायकल बंद झाली होती, एसटीनं परत आलो. घरी आले, म्हशीवरचं कापड काढलं, तिच्यावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "सुई बंद." मी पाया पडले. कलाआत्यानं भावाशी बोलणं टाकलं, मग तिलाच करमेना म्हणून परत बोलली. कचरूमामा बँजो काखेत घेऊन आला आणि माझा भाऊ जसा आहे तसाच बोलला, "भाऊजी, मेल्यावर कान काय नांगराले जुंपतान?" तर म्हणाले, "बहिरा होऊन जगलो त तुहा बँजो आयकाची सजा टळन, येवढाच फायदा हाय." सगळे हसले. हसण्यात गेलं ते. मग सगळे गेल्यावर मला जवळ बसवून सांगितलं, "आयक. नाई म्हनून नाई राह्यलो. म्हैस साफ बोलली पाह्यजे, तेजूच्या हातून, अन् म्या या कानानं आयकलं पाह्यजे. येकडाव. मंग टोचा लागन तितक्या सुया, बहिरा करा नाईतं मुका करा." मी विचारलं, आणि तोवर छातीनं दम धरला नाही तर? ते म्हणाले, "तोवर तू म्हैस साफ कर."

मग मी म्हैस साफ करायला बसले. बाई सोल्डर घेऊन नवऱ्याच्या आयुष्याला डाग देते आहे, असं ते होतं. पेटी इथे मिळणार नव्हती, म्हणून पेटीचं अर्धं काम तरी करून पाहावं म्हटलं. पहिल्या वाल्वच्या वाटेत एक छोटा कंडेन्सर घातला, म्हणजे खालचा घुमारा आतच शिरू नये. आवाज थोडा पातळ झाला, ताकात पाणी जास्त पडल्यासारखा, कारण नुसतं कापलं, पुढे ढकलायला काही नव्हतं. तरी ठोके सुटे झाले. तुझी जुनी गिटार, तुझ्या बांनी हातानं तार गुंडाळून जिचं आवाज पकडणारं पिकअप केलं ती, कचरूमामाच्या गळ्यात घातली. मामा ती अशी वाजवतो जशी कोणी गाढवाला हाकतं, पण ठेका पक्का आहे. कलाआत्या चौकात उभी राहून गायली. आशाबाई, रुखमाबाई, सगळी गल्ली आपापल्या दारात. तुझे बा भिंती धरत धरत पार गल्लीच्या टोकाला लिंबाखाली जाऊन उभे राहिले, रुमाल घेऊन. मी गुंड्यांवर.

रुमाल आडवा हलला. चिखल. मी आणखी कापलं. पुन्हा आडवा. आता गिटार इतकी टोकदार झाली होती की रुखमाबाईनं कानावर हात ठेवले. रुमाल आडवाच. कलाआत्या गाणं थांबवून तिथूनच ओरडली, "दादा, माहा शब्द न् शब्द आयकू येऊन राह्यला, साऱ्या गल्लीले इचार!" सगळी गल्ली "हाव, साफ हाय" म्हणाली. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. चेहरा असा झाला होता, तेजू, जत्रेत पोर हरवल्यावर माणूस गर्दीकडे पाहतो ना, तसा. मग पुन्हा रुमाल आडवा हलवला, हळूहळू, आणि लिंबाच्या बुंध्याशी खाली बसले. नांदुऱ्याच्या त्या कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच मी रुमाल पाहून गुंडी फिरवली नाही, कारण पुढे फिरवायला गुंडीच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते पाठमोरे बसून तार गुंडाळत होते. मी मागे उभी राहून हातातल्या बांगड्या वाजवल्या. वळले नाहीत. खिळ्या-स्क्रूचा डबा कानामागे खुळखुळवला. नाही. आशाबाईचा मुलगा घंटी वाजवत दारावरून गेला, तरी नाही. आणि पलीकडे पिठाची गिरणी सुरू झाली, ती धड धड, तेव्हा मान वर केली आणि म्हणाले, "गिरनीचा पट्टा ढिला झाला वाट्टे." मला तिथेच कळलं. जाड आवाज शिल्लक आहे. बारीक सगळा गेला. सुई बंद केली तोवर जायचा तो गेलाच होता. आता म्हैस कितीही साफ बोलली तरी त्यांच्यापर्यंत घुमाराच पोचणार, धार पोचणारच नाही. शब्दाची कड नाही, तारेची कड नाही. माझ्या बांगड्यांचा आवाज त्यांना फार आवडायचा, हे तुला सांगायचं नसतं, पण सांगते. त्यांना स्वतःला हे कळलं आहे की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. कळलं असेल तर ते लपवत आहेत, आणि कळलं नसेल तर मी लपवते आहे. एका बाजेवर बसून आम्ही दोघं एवढंच करतो. ज्या दिवशी म्हैस साफ ऐकू येईल त्या दिवशी सुई, असा शब्द आहे त्यांचा, आणि तो दिवस आता जगात नाही. खोकल्यात पुन्हा रक्त दिसतं आहे. कोणाजवळ बोलू? कोणाला सांगितलं की तो म्हणतो धीर धरा. धीर म्हणजे काय शेजारच्या घरून मागून आणायचं पीठ आहे?

म्हणून हे पत्र, तेजू. पेटी कोणाच्या हाती पाठवू नको. जयंतीची वाट पाहू नको. ऑर्केस्ट्रावाल्यांना काय सांगायचं ते सांग, आणि नवी गिटार आणि हिरवी पेटी घेऊन मिळेल त्या गाडीनं नांदुऱ्याला उतर. ते विचारतील काऊन आला, तर म्हण पेटी पाहायला आलो, दुसरं काही तुला माहीत नाही. मी त्यांना सांगेन, तुमचं डोकं फिरतं, लिंबापर्यंत जाऊ नका, तुम्ही गुंड्यांवर बसा. रुमाल मी घेईन. मी जाईन शेवटच्या माणसाच्या मागे. त्यांच्या कानाला चिखलच ऐकू येईल, पण भोंग्यापाशी बसणाऱ्याचा कान खोटा आणि रुमाल खरा, हा नियम त्यांचाच आहे, तो त्यांना मोडता येणार नाही. मी रुमाल वर धरला की त्यांना हात काढावाच लागेल, आणि मग सुईला नाही म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना एसटीत बसवेन, आणि गिरणीची धडधडही मग त्यांच्या कानातून जाईल, हे मला माहीत आहे. छाती तरी राहील की नाही, तेही माहीत नाही. पण एक सांगते. या घरात खोटा रुमाल कधी वर गेला नाही, आणि मी तो धरणार नाही, त्यांच्या जिवासाठीही नाही. तसा धरला तर ते दुरूनही ओळखतील. म्हणून पेटी खरी आण. दोन ठोक्यांच्या मधली जागा रिकामी ठेव, तिच्यात आत्याचा शब्द बसू दे, म्हणजे माझा हात आपोआप वर जाईल. आणि वाजवताना तारेकडे पाहू नको बाळा. त्यांच्याकडे पाहा. ते रुमालाकडे पाहत असतील.

आत्ता मान वर करून विचारताहेत, "हिरवीच लिहलं ना?" मी त्यांना दिसेल अशी मान हलवली.

वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
माय
जनका